इन्सुलिन घेतो, चालायला गेलं की शुगर लो होते. व्यायाम सोडू का?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: वय ३४, टाइप १ डायबेटिस, जेवणाआधी तीनदा इन्सुलिन आणि रात्री एकदा लांब चालणारं. संध्याकाळी सहाला फिरायला निघालात की पाऊण तासात शुगर साठ-पासष्टवर येते आणि घरचे म्हणतात, नकोच ते.

सोडू नका. आधी वेळ बदलून बघा. मला कॉलेजात असताना टाइप १ निघाला, तेव्हापासून मी चालते, वजनं उचलते, अधूनमधून सिंहगडही चढते. माझं म्हणणं एवढंच की व्यायाम किती केला यापेक्षा तो सुरू करताना अंगात इन्सुलिन किती होतं, यावर बरंच ठरतं.

डायबेटिस नसलेला माणूस चालायला लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं आपोआप कमी करतं आणि यकृत साखर पुरवत राहतं. आपण एकदा टोचलं की ते परत घेता येत नाही. वर कामाला लागलेले स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात. म्हणजे टाकीला दोन तोट्या लागल्या, आणि भरणारा नळ बारीक.

तुमचं जेवणाचं इन्सुलिन कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. साधं रेग्युलर असेल तर त्याचा असर सहा-आठ तासही राहतो, म्हणजे दुपारी दीडचं इंजेक्शन सहा वाजता अजून काम करतंय. अ‍ॅस्पार्ट किंवा लिस्प्रो अशा झटपट काम करणाऱ्यांपैकी असेल तर तीन-चार तासांत बरंचसं उतरतं. त्यामुळे मला सकाळची, नाश्त्याच्या इन्सुलिनआधीची वेळ सगळ्यात सोपी वाटते. तेव्हा अंगात फक्त लांब चालणारं असतं. शुगर बहुधा जागेवर राहते, कधी थोडी वरही जाते.

संध्याकाळशिवाय जमणारच नसेल तर दोन वाटा आहेत. एक, त्याआधीच्या जेवणाचा डोस कमी करणं. किती, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, अंदाजाने नाही. दुसरी, अर्ध्या तासाला साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एखादं लहान केळं, जादा इन्सुलिन न घेता खाणं. पण वजन कमी करण्यासाठी चालत असाल तर ही दुसरी वाट वैतागवाडी आहे. चाललेलं सगळं खाण्यात जातं. आणि निघायच्या आधी मांडीत टोचू नका, चालणाऱ्या पायातून इन्सुलिन लवकर शोषलं जातं.

निघताना शुगर १२६ ते १८०च्या दरम्यान असली की मी निर्धास्त असते. ९०च्या खाली असेल तर आधी खायचं, मग बूट. २७०च्या वर असेल आणि कारण समजत नसेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) तपासा. कीटोन वाढलेले असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही, कारण इन्सुलिनच कमी पडत असताना धावपळ केली तर शुगर आणखी चढते. सतत शुगर मोजणारा सेन्सर अंगावर लावत असाल तर आकड्याइतकाच शेजारचा, शुगर वर जातेय की खाली ते दाखवणारा बाणही बघा. खाली जाणारा १४० हा स्थिर ११०पेक्षा जास्त काळजीचा. शिवाय व्यायामात सेन्सरचा आकडा रक्तातल्या शुगरच्या मागे पडतो, तेव्हा लो झाल्यासारखं वाटलं तर बोट टोचून बघा.

जिममध्ये उलटा प्रकार होतो. जोरात वजनं मारली की अ‍ॅड्रेनलिनमुळे शुगर वर जाते. घाबरून लगेच पूर्ण डोस घेतला की तासा-दोन तासांत धाडकन खाली. म्हणून दोन्ही करायचं असेल तर मी वजनं आधी आणि चालणं नंतर ठेवते.

खिशात ग्लुकोज पावडर हवीच. पेढा, चॉकलेट, शेंगदाण्याची चिक्की लो झाल्यावर कामाची नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. चहाचे तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटं बसा, पुन्हा तपासा. सिंहगड आतकरवाडीतून चढलात तर खरी परीक्षा त्या रात्री असते. स्नायू आपला रिकामा झालेला साठा तासन्‌तास भरत राहतात आणि झोपेत शुगर घसरू शकते. अशा रात्री लांब चालणारं इन्सुलिन थोडं कमी करायला माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय, तुमच्याही विचारून ठेवा.

घरच्यांना वसीम अक्रमचं सांगा. १९९७मध्ये त्याला टाइप १ निघाला, आणि त्यानंतर २००३च्या विश्वचषकापर्यंत तो वेगवान गोलंदाजी करत राहिला. आपल्याला तर फक्त चालायचंय.

आता पुढच्या भेटीला जाताना आठवडाभराची वही न्या: निघतानाची शुगर, परतल्यावरची, आणि शेवटचं इन्सुलिन किती वाजता, किती युनिट. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल किंवा पायांना मुंग्या येत असतील तर तेही आधीच बोला. पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जड वजनं बंद असतात, आणि पाय बधिर असेल तर बूट न घालता चालणंही बंद.