ओट्याशी उभं राहून

प्रश्न : माझं वय ७३. दोन महिन्यांपूर्वी पहाटे लघवीला उठलो आणि बाथरूमच्या दारातच कलंडलो. कोपर खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. पण तेव्हापासून पाऊल टाकताना धाकधूक वाटते. मुलगी म्हणते, "बाबा, उठू नका, काय हवं ते हातात देते." रोजचं चालणंही कमी झालंय. या वयात तोल सुधारतो का? व्यायाम करतानाच पडलो तर?

उत्तर : सुधारतो, काका. मुलीला मात्र माझा निरोप द्या, पाण्याचा पेला तुमचा तुम्हालाच आणू दे. पडायच्या धास्तीने माणूस बसून राहतो, बसून मांड्या-पोटऱ्या ढिल्या पडतात आणि मग खरोखरच पडतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची हीच कथा.

आधी एक तपासणी. डॉक्टरांकडून रक्तदाब आडवं पडून मोजून घ्या, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर दोष नुसत्या पायांचा नाही. झोपेची गोळी घेत असाल तर तीही सांगा. पहाटे उठताना जरा वेळ पलंगाच्या कडेला बसा, घोटे वरखाली करा, दिवा लावा. तोल सांभाळायला डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय असे तिघे असतात. अंधारात त्यातला एक रजेवर जातो.

आता व्यायाम. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे राहा, मागे भिंतीला टेकवलेली खुर्ची. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून १० सेकंद थांबा. सुरुवातीला ओट्यावर दोन्ही तळहात, जमलं की एकच हात, मग नुसतं एक बोट. घोटा थरथरेल. थरथरू द्या, तो शिकतोय. गरगरलं मात्र तर लगेच बसा.

एक ८१ वर्षांच्या आजी पहिल्या दिवशी पायाची बोटं आवळून, श्वास कोंडून उभ्या होत्या. त्यांना मी आकडे मोठ्याने मोजायला लावले, कारण बोलताना श्वास कोंडता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या टेकलेल्या बोटानेच ओट्यावर ताल धरत होत्या.

मग त्याच खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, ५ वेळा. उठणं सगळ्यांना जमतं हो, बसताना धप्पकन आपटतात. बसणंच सावकाश करा.

चालणं सुरू ठेवा, पण नुसत्या चालण्यावर विसंबू नका. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात व्यायामाने ज्येष्ठांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. त्या व्यायामांत तोलाचे आणि अशाच उठण्या-बसण्याचे प्रकार मुख्य होते.

पहिले काही दिवस मुलगी घरात असतानाच करा. तिने धरायचं नाही, फक्त जवळ उभं राहायचं. आणि घरातली ती मागून उघडी, झिजलेली सपाता आजच टाकून द्या.