उतारावर जमीन घेतलीस, आता हे ऐक

गोव्यात सत्तरी तालुक्यात डोंगरउतारावर जमीन घेतलीस, चांगलं केलंस. पण तिची तुलना सासष्टीतल्या सपाट शेताशी करू नकोस. तिकडे ट्रॅक्टर बांधापर्यंत जातो, कापणीचं यंत्र फिरतं. (खाडीकाठच्या खाजन जमिनीत तेही चिखलात रुततं, पण खारं पाणी सोसणारा कोरगुट भात तिथे आहे, गोवा धान ही भाताची वाणं आहेत.) यंत्रं बनवणाऱ्यांनी मुळात सपाटीच डोळ्यांसमोर ठेवली. मोरड, म्हणजे तुझ्यासारख्या उंचावरच्या जमिनीत भाताचं उत्पन्न मोजशील तर निराशच होशील.

तुझा हिशेब कुळागराचा, म्हणजे मिश्र बागेचा. माड, पोफळी, त्यावर मिरीचे वेल, खाली केळी, जायफळ. एका पिकाचा आकडा लहान, म्हणून सगळ्यांची बेरीज धर. वरच्या कोरड्या जांभ्यावर काजू लाव, पण कलमंच: बाळ्ळी-२ या जातीसारखी, ८ बाय ८ मीटरवर, म्हणजे हेक्टरी साधारण १५६ झाडं. बियांपासूनच्या झाडाला कशी काजू लागेल, ते देवच जाणे.

खर्च करायचाच तर आधी पाण्यावर कर. समपातळीत चर खण, झरा असेल तर पाट नीट करून घे. उतारामुळे पाणी पंपाशिवाय खाली येतं, ही सोय सपाटीवाल्याला नाही. मग गवत कापायचं यंत्र. पोफळीला पावसात कोळेरोग येतो, सुपारी कुजून गळते; म्हणून पावसाच्या तोंडावरच १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवार. पोफळीवर चढणारा माणूस आताच सांगून ठेव; ऐन वेळी तो मिळत नाही. लांब काठीचा फवारा घेतलास तर उत्तमच, शेजाऱ्याबरोबर भागीत घे.

गवे आणि माकडं? त्यावर मला कुठलंच यंत्र पटलेलं नाही.