सासूबाई सगळे विसरतात आणि माझ्यावरच चोरीचा आळ घेतात. हे म्हातारपण समजायचे की आजार?

ताई, तुम्ही लिहिले आहे की तुमच्या बहात्तर वर्षांच्या सासूबाई गेल्या दीड वर्षापासून एकच प्रश्न दहादा विचारतात, जेवून उठल्यावर सुनेने जेवायलाच दिले नाही असे शेजाऱ्यांना सांगतात, पैशांची पिशवी स्वतःच कुठेतरी ठेवून ती तुम्ही चोरली म्हणतात, आणि दिवेलागणीला 'घरी जायचे' म्हणून दाराशी जाऊन उभ्या राहतात. दारव्हा तालुक्यातल्या तुमच्या गावात याला कोणी म्हातारचळ म्हणतो, कोणी बाहेरचे लागले म्हणतो, आणि यातले खरे काय नि करायचे काय, हा तुमचा प्रश्न आहे. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आणि माझ्या सासूबाईंना, ज्यांना आम्ही सुना आत्याबाई म्हणत असू, अशाच लक्षणांच्या अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे मेंदू झिजून आठवण जाण्याच्या, आजारात आठ वर्षे सांभाळले आहे. मी डॉक्टर नाही, पण या आठ वर्षांत जे वाचले, विचारले आणि भोगले, त्यातले तुमच्या उपयोगाचे सांगते.

चोरीच्या आळाचे आधी सांगते, कारण तुम्हाला सर्वात जास्त तेच लागले आहे. अल्झायमर हे नाव ज्या जर्मन डॉक्टरांवरून पडले, त्या अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक बाई तपासली. विस्मरणाच्याही आधी तिच्यात दिसलेले लक्षण म्हणजे नवऱ्यावरचा संशय, आणि ती घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवून ठेवीत असे. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात पेशींच्या बाहेर साचलेली पुटे व पेशींच्या आत पडलेल्या गाठी त्यांना आढळल्या. म्हणजे तुमच्या ओसरीवर आज जे घडते आहे, ते या आजाराच्या अगदी पहिल्या नोंदीतही आहे. तो आळ तुमच्या स्वभावावरचा शेरा नाही आणि सासूबाईंच्या मनातले जुने वैरही नाही.

आमच्याकडे कापसाचे पैसे आले होते आणि त्यातले चार हजार आत्याबाईंनी फडक्यात बांधून ठेवले होते. दोन दिवसांनी त्यांनी शेजारच्या बायांसमोर मला विचारले, "माहे पैसे कुठी नेले वं तू?" मी रडले, भांडले, घर पालथे घातले, आणि तिसऱ्या दिवशी ज्वारीच्या कोठीत हात घातला तेव्हा ते फडके हाताला लागले. मी ते त्यांच्यापुढे धरले. आता तरी त्यांना पटेल, अशी माझी खात्री होती. त्यांनी फडक्याकडे पाहिले, गाठ चाचपली आणि शांतपणे म्हणाल्या, "पाय, आता आणून ठेवले." त्या दिवसापासून मी त्यांना पुरावे दाखवणे सोडले. ज्या बाईच्या मेंदूत पैसे ठेवल्याची नोंदच झाली नाही, तिच्या दृष्टीने ते पैसे आपोआप नाहीसे झालेले असतात, आणि घरात दिवसभर डोळ्यांसमोर असते ती सूनच. तिने काढलेला निष्कर्ष चूक असतो, पण तिच्यापाशी उरलेल्या माहितीवर दुसरा निष्कर्ष निघतही नाही. पुढे मी एवढेच म्हणू लागले, "सापडत नाही का? चला, आपण दोघी मिळून पाहू." मग फडके त्यांच्याच हाताला लागेल अशा बेताने शोधायचे. तसेच दुसरे एक फडके दहा-दहाच्या नोटा बांधून मी तयार ठेवले होते आणि ते अनेकदा कामी आले.

असे का होते, हेही थोडक्यात सांगते, कारण ते कळल्यावर राग पुष्कळ उतरतो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग आहे. नव्या घटना आठवणीत पक्क्या करण्याचे काम त्याचे, आणि अल्झायमरमध्ये तो फार लवकर झिजू लागतो. त्यामुळे सकाळचे जेवण पुसले जाते, आणि माहेरच्या बैलजोडीची नावे मात्र पन्नास वर्षांनीही ओठावर असतात. लोकांना वाटते की जुने सगळे आठवते म्हणजे हे सोंग आहे. तुम्हालाही कोणी असे म्हणाले असेल. ते सोंग नसते. मेंदूतले बदल तर लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू झालेले असतात. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. घटना विसरली तरी तिने मनात उठवलेली भावना बराच वेळ मागे उरते. तुम्ही सकाळी ओरडलात हे सासूबाई दहा मिनिटांत विसरतील, पण भेदरलेल्या मात्र दुपारपर्यंत राहतील.

आता निदानाविषयी. प्रत्येक विसरणे हा आजार नव्हे. चष्मा कुठे ठेवला हे वयाने विसरते, पण चष्मा कशासाठी असतो हे विसरणे किंवा चाळीस वर्षे केलेल्या चहाला आधी पाणी की पत्ती हे न सुचणे, हा आजार असतो. तरीही तो अल्झायमरच आहे असे घरी बसून ठरवू नका, कारण जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, उदासीनता, काही औषधांचा परिणाम आणि पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त यांनीही माणूस असाच विसराळू होतो, आणि ही कारणे उपचारांनी बरीचशी सुधारतात. रक्तदाब व मधुमेह असलेल्या माणसांना मेंदूचा रक्तपुरवठा अडून येणाऱ्या लहान लहान झटक्यांनीही स्मृतिभ्रंश होतो. मोतीबिंदू आणि कमी ऐकू येणे हेसुद्धा तपासून घ्या, कारण ज्याला नीट दिसत-ऐकत नाही तो आहे त्यापेक्षा जास्त गोंधळलेला दिसतो. आम्ही आधी तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी 'वय झाले' म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या गोळ्यांनी आत्याबाई रात्री उठताना उंबऱ्यावर पडल्या. म्हणून गोळी घेण्याआधी तपासणीचा आग्रह धरा. तुम्हाला यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. तिथे किंवा सेवाग्राम, नागपूर यांपैकी सोयीच्या ठिकाणी मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागात दाखवा आणि बी-१२, थायरॉईड, साखर, सोडियम व सीटी स्कॅन यांविषयी स्वतःहून विचारा. जाताना एका वहीत मागच्या सहा महिन्यांतल्या घटना तारखेनिशी लिहून न्या. सासूबाई शाळेत गेल्या नसतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, नाहीतर तपासणीत काढायला सांगितलेले घड्याळाचे चित्र काढता आले नाही एवढ्यावरून भलताच अर्थ निघतो. शिवाय डॉक्टरांपुढे ही माणसे काही मिनिटे इतकी छान बोलतात की सून खोटी पडते. वहीचा उपयोग तिथे होतो.

बाहेरचे लागले म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. अंगारा लावून कोणाच्या मनाला बरे वाटत असेल तर लावू द्या, पण धूर देणे, उपाशी ठेवणे, मारहाण करणे यातले काही कोणी सुचवले तर ठाम नकार द्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या शंभरातल्या सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आहे. इतक्या घरांतले हे दुखणे कोणाच्या करणीने आलेले नाही.

औषधाने बरे होईल का, असे तुम्ही विचारले आहे. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. डोनेपेझिल आणि मेमँटिन या गोळ्यांनी काही रुग्णांचे लक्ष नि वागणे काही काळ थोडे सावरते, पण झीज थांबत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळालेले लेकॅनेमॅब हे शिरेतून देण्याचे औषध अगदी सुरुवातीच्या टप्प्यात झीज थोडी मंदावते, पण त्यासाठी वारंवार एमआरआय करावा लागतो, आणि त्याच्या बातम्या वाचून शेत गहाण टाकण्याचा विचार कृपा करून करू नका. आमच्या घरी गोळ्यांपेक्षा वागणे बदलल्याने जास्त फरक पडला.

'घरी जायचे' याचेच घ्या. आत्याबाई स्वतःच्या घरात उभ्या राहून म्हणायच्या, "मले घरी जाऊ दे, माय वाट पायत असन." त्यांची आई जाऊन चाळीस वर्षे झाली होती. माझे यजमान सुरुवातीला समजावत, "आई, हेच तुझं घर, आजी तर कधीच गेली." आणि दर संध्याकाळी आत्याबाई आईच्या मरणाची बातमी नव्याने ऐकून नव्याने रडत. हा क्रूरपणा आमच्या हातून कित्येक महिने झाला, याचे मला अजूनही वाईट वाटते. नंतर मी म्हणू लागले, "चला, मी पोचवून देते." चपला घालायच्या, मारुतीच्या पारापर्यंत जायचे, दोन मिनिटे टेकायचे, माहेरच्या नदीविषयी विचारायचे आणि परत यायचे. परतल्यावर ओसरी दिसली की त्या स्वतःच म्हणत, "आलं बाई घर." उजेड उतरू लागला की या रुग्णांचा गोंधळ वाढतो, हे डॉक्टरही सांगतात. आमच्याकडे त्याच वेळी वीज जात असे, म्हणून बॅटरीवरचा दिवा आम्ही अंधार पडायच्या आत लावून ठेवत असू.

खेड्यातल्या घरात काही धोके असे आहेत की शहरातले डॉक्टर ते सांगत नाहीत. फवारणीचे औषध आधी कुलपात टाका. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवलेले तर आजच फेकून द्या. वावरातल्या विहिरीला जाळी किंवा कुंपण करा. सिलिंडर रात्री बंद करा आणि चुलीपाशी त्यांना एकटे सोडू नका. फोन नंबर लिहिलेले कापड लुगड्याच्या आतल्या बाजूने शिवा, आणि किराणा दुकानदार, बस थांब्यावरचा पानठेलेवाला नि आशाताई यांना सांगून ठेवा की म्हातारी एकटी दिसली तर फोन करा. लपवू नका, ज्या गावाला माहीत असते, ते गाव सांभाळते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि या माणसांना तहान लागल्याचे नेमके सुचत नाही, म्हणून मागण्याची वाट न पाहता दर तासाला पाणी हातात द्या. आत्याबाई एकदा दोन दिवसांत एकाएकी बडबडू लागल्या, माणसे ओळखेनात, आणि आम्हाला वाटले की आजारच वाढला. निघाला तो लघवीचा जंतुसंसर्ग, जो औषधाने आठवड्यात गेला. महिन्यांत होणारा बदल या आजाराचा असू शकतो. एक-दोन दिवसांत झालेला बदल मात्र दुसऱ्याच दुखण्याचा समजून लगेच दवाखाना गाठा.

सासूबाईंच्या हाताला काम द्या. हातांना पडलेली सवय मेंदूच्या निराळ्या भागांत असते आणि ती फार उशिरा जाते. आत्याबाईंना शेवटी माझ्या यजमानांचे नावही सांगता येत नव्हते, पण कापसाची टोपली पुढे ठेवली की त्या बोटांनी सरकी वेगळी करत, रुई पिंजत आणि मांडीवर वात वळत. वात एकसारखी बारीक निघे, टोकाला नेमका पीळ बसे, आणि तेवढा वेळ चेहऱ्यावर भीती नसे. कधी ओवी सुरू होई आणि ती सबंध, शब्द न चुकता, पुरी होई. चुकलेली वात मी त्यांच्यासमोर कधीही पुन्हा वळली नाही.

शेतीचे कागद, बँकेचे खाते आणि मृत्युपत्र यांचे जे करायचे असेल ते त्यांना समज असतानाच, सर्व मुलांना बोलावून करा. समज गेल्यावर घेतलेल्या अंगठ्याला कायद्यात अर्थ नसतो आणि आळ पुन्हा सुनेवरच येतो.

राहिले तुमचे स्वतःचे. तुम्ही लिहिले आहे की कधी कधी हात उगारावासा वाटतो. मलाही वाटला होता. तेव्हा मी दुसऱ्या कोणाला तरी त्यांच्याजवळ बसवून कोठ्यात जाऊन गाईपाशी उभी राहत असे. रात्री फार जड झाले तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. तुमच्या यजमानांना ही कामे वाटून द्या: रात्रीचे उठणे त्यांचे, आंघोळ तुमची. आणि 'आई तर चांगली दिसते' म्हणणाऱ्या तुमच्या नणंदेला पुढच्या वेळी दोन दिवसांसाठी नको, पंधरा दिवसांसाठी बोलवा. त्यातले निदान आठ दिवस तुम्ही माहेरी जाऊन राहा.