मेल येतात, पण जात का नाहीत?

प्रश्न : सर, सांगलीत माझं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे. मागच्या महिन्यात नेट कनेक्शन बदलून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं आणि तेव्हापासून झेरॉक्स मशीनमधून 'स्कॅन टू ईमेल' होतच नाहीये, कागद आत जातो, स्क्रीनवर बराच वेळ गोल फिरत राहतं आणि मग 'सर्व्हर कनेक्ट होत नाही'. मेल येतात मात्र सगळे. मशीनवाला म्हणतो नेटचा प्रॉब्लेम, नेटवाला म्हणतो मशीनचा. भाचा म्हणतोय स्टॅटिक आयपी (न बदलणारा नेट ॲड्रेस) घ्या. घेऊ का?

उत्तर : थांबा हो, पैसे नका घालवू! मशीनचा आयपी ॲड्रेस ब्राउझरमध्ये टाका, सेटिंगचं पेज उघडेल, त्यात एसएमटीपी (म्हणजे मेल पाठवण्याची ठरलेली पद्धत) याखाली पोर्ट, म्हणजे मेल ज्या दाराने बाहेर जातो त्याचा नंबर, किती आहे बघा. बहुतेक २५ असणार. नव्या कंपनीने तोच बंद ठेवलेला दिसतोय, जुन्या कंपनीने तो उघडा ठेवला असेल म्हणून इतके दिवस चाललं. येणाऱ्या मेलचे पोर्ट वेगळे, ते चालू आहेत.

बंद का करतात? एसएमटीपी १९८२ सालचं, तेव्हा नेटवर मोजके लोक, त्यामुळे 'तू कोण, पासवर्ड सांग' हा प्रकारच त्यात नव्हता. पुढे २००३ च्या सोबिगसारखे व्हायरस आले, घरातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचे आणि तिथूनच पोर्ट २५ वरून थेट लोकांच्या मेल सर्व्हरवर ढिगाने मेल सोडायचे, मालक बिचारा म्हणतोय आज नेट स्लो का. मग जपान, ब्राझीलसारख्या देशांत तर कंपन्यांनी मिळूनच घरगुती कनेक्शनचा हा पोर्ट बंद केला. आपल्याकडे तर अनेक गिऱ्हाईकं एकाच पब्लिक आयपीमागे (बाहेर दिसणाऱ्या ॲड्रेसमागे) बसवलेली असतात, गल्लीतल्या एकाच्या पीसीला व्हायरस लागला की तो आयपी ब्लॅकलिस्टमध्ये आणि ताप सगळ्यांना. म्हणून बंद करणं माझ्या मते बरोबरच आहे. फक्त कस्टमर केअरने हे एका वाक्यात सांगायला काय हरकत होती, तुमचा महिना तरी वाचला असता.

२५ हा आता सर्व्हर-सर्व्हरमधला रस्ता समजा. आपल्यासाठी १९९८ पासून ५८७ ठरवलेला आहे, तिथे सहसा लॉगिन लागतं, म्हणजे कोणी वाह्यातपणा केला तर नेमकं तेच खातं बंद करता येतं. तेव्हा सर्व्हरचं नाव आहे तेच ठेवून पोर्ट ५८७ करा, स्टार्ट-टीएलएस (मेल कुलूपबंद करून पाठवायची सोय) ऑन, ऑथेंटिकेशन ऑन, युजरनेममध्ये पूर्ण ईमेल ॲड्रेस. नाहीच झालं तर पोर्ट ४६५ आणि एसएसएल (तशीच दुसरी सोय). जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढायचा आणि तो टाकायचा. आणि पाठवणाऱ्याच्या रकान्यात मशीनवाल्याने काहीतरी 'स्कॅनर ॲट' वगैरे टाकून ठेवलेलं असतं ते काढून लॉगिनचाच ॲड्रेस टाका, बरेच जण इथेच अडकतात.

भाच्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा असेल तर स्टॅटिक आयपी लागतो, पण एका झेरॉक्स मशीनसाठी कशाला? तो घेतला म्हणून २५ आपोआप उघडेलच असंही नाही.

मशीन फारच जुनं असेल आणि त्यात टीएलएसचा ऑप्शनच दिसत नसेल तर मग स्कॅन ऑफिसच्या पीसीवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये घ्या आणि तिथून मेल करा, दोन क्लिक जास्त, बाकी काही नाही.