जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा विक्रेता 'बॅटरी हेल्थ 94 टक्के' सांगतो. विश्वास ठेवावा का?

तुम्ही पाहिलेली गाडी चार वर्षांची आहे, विक्रेत्याने मोबाइलवर स्क्रीनशॉट दाखवलाय आणि तेवढ्यावर व्यवहार करावा का, असं तुम्ही विचारताय. 94 टक्के हेल्थ म्हणजे नवी असताना जितकी क्षमता होती, त्यातली 94 टक्के शिल्लक. आकडा खोटाच असेल असं नाही. पण तो कुठून आला हे कळेपर्यंत त्याच्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

मी आतापर्यंत दोन जुन्या इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या. पहिलीत सपशेल फसलो. डॅशबोर्डवर बॅटरीच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसत होत्या, म्हणून जास्त चौकशीच केली नाही. दीड महिन्यात एकामागोमाग तीन कांड्या गेल्या. बॅटरी अशी झपाझप मरत नसते, म्हणून शोध घेतला, तर विकण्याआधी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस, रीसेट केलेली निघाली. रीसेट केलं की काही गाड्यांत ती सिस्टिम बॅटरी नवीकोरी धरून चालते आणि रोजच्या वापरातून खरं माप हळूहळू पुन्हा शिकते. तिचं शिकणं होईपर्यंत विक्रेता पैसे घेऊन मोकळा झाला होता.

मुळात बॅटरीची क्षमता थेट मोजणारा सेन्सर गाडीत नसतो. बीएमएस करंट, व्होल्टेज आणि तापमान बघते आणि त्यावरून अंदाज बांधते. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. काही कंपन्या थोडी क्षमता राखीव लपवून ठेवतात, त्यामुळे सुरुवातीची झीज दिसतच नाही. निसान लीफमध्ये बारा कांड्या असतात. त्यातली पहिली जाते ती क्षमता साधारण 15 टक्के घटल्यावर, पुढची प्रत्येक सुमारे सव्वासहा टक्क्यांना. म्हणजे बारा कांड्यांची गाडी 100 टक्क्यांचीही असू शकते आणि 86 चीही. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीची आणखी वेगळी तऱ्हा. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतं, त्यामुळे बरेच दिवस पूर्ण चार्ज न केलेल्या गाडीचा अंदाज भरकटतो. अशा गाड्या अधूनमधून 100 टक्के चार्ज करायला सांगतात, त्याचं एक कारण हेच.

स्क्रीनवर दिसणारी रेंज तर विसराच. ती आधीच्या मालकाचा पाय किती हलका होता ते सांगते. चार दिवस सावकाश चालवली की आकडा आपोआप फुगतो.

मग काय करायचं? स्वतः चार्ज करून बघायचं. समजा गाडीची वापरता येणारी क्षमता नवी असताना 40 युनिट (किलोवॅट-तास) होती. बॅटरी 20 टक्क्यांवर आणा, घरगुती एसी चार्जरवर 100 पर्यंत भरा आणि मीटरवर किती युनिट गेले ते लिहून ठेवा. 32 गेले असं धरू. चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरीत पोचले 28.8. एवढ्याने 80 टक्के भाग भरला, तर पूर्ण क्षमता 36. चाळीसपैकी छत्तीस, म्हणजे 90 टक्के. थंडीत किंवा हळू चार्जरवर जास्त वाया जातं, त्यामुळे दोनचार टक्के इकडेतिकडे होणार. पण 94 सांगितलेली बॅटरी 78 ची असेल, तर ते लपत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सेलमधला, म्हणजे ज्या छोट्या घटकांची मिळून बॅटरी बनते त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही. साधारण 400 व्होल्टच्या पॅकमध्ये शंभराच्या आसपास सेल-गट ओळीने जोडलेले असतात. बैलजोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही दमदार असला तरी नांगर थांबतो, तसं सगळ्यात अशक्त गट रिकामा झाला की बाकीच्यांत चार्ज असूनही गाडी थांबते. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटला, छोटं ब्लूटूथ यंत्र लावलं की बऱ्याच गाड्यांत अ‍ॅपवर एकेका गटाचं व्होल्टेज दिसतं. उभ्या गाडीत दहावीस मिलिव्होल्टचा फरक असला तर बिनधास्त राहा. चार्ज कमी असताना जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एकच गट इतरांपेक्षा शंभरावर मिलिव्होल्टने खाली जात असेल, तर मी ती गाडी सोडून देतो, मग टक्केवारी काहीही असो. एलएफपीत मात्र अर्ध्या चार्जवर हा फरक बघून काही कळत नाही. तिथे अगदी भरत आल्यावर किंवा संपत आल्यावर बघायचा.

'फक्त 15,000 किलोमीटर चाललीय हो!' हे ऐकून पाघळू नका. बॅटरी नुसती उभी राहूनही झिजते, आणि उन्हात 100 टक्के भरून महिनोन्महिने उभी असेल तर जास्तच. रोज चाललेली, घरी सावकाश चार्ज केलेली गाडी कित्येकदा तिच्यापेक्षा बरी निघते. पहिल्या एकदोन वर्षांत झीज थोडी वेगाने होते, नंतर मंदावते. त्यामुळे चार वर्षांच्या गाडीचे 94 पटण्यासारखे आहेत. 100 म्हणाला असता तर मीच पळून जा म्हटलं असतं.

वॉरंटीचे कागद नीट वाचा. बऱ्याच कंपन्या 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरपर्यंत 70 टक्के क्षमतेची हमी देतात, पण ती दुसऱ्या मालकाला मिळते का आणि टॅक्सी म्हणून चाललेल्या गाडीला लागू आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. युरोपियन युनियनमध्ये 18 फेब्रुवारी 2027 पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट बंधनकारक होतोय. तुम्ही बघताय त्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही, तेव्हा मीटर आणि वही हाच आपला पासपोर्ट.

दुसरी गाडी मी असंच सगळं तपासून घेतली आणि गेल्या महिन्यात विकलीही. चार्जिंगच्या नोंदींची वही मी स्वतःहून घेणाऱ्यासमोर ठेवली. त्यांनी पाच मिनिटं पानं चाळली, मधल्या एका नोंदीवर बोट ठेवून त्या दिवशी थंडी होती का एवढंच विचारलं, वही मिटली आणि म्हणाले, ''बॅटरीचं कळलं. टायर कधी बदललेत?''