मेफ्लॉवर नंतर, आधी आजी

तुमच्या सूनबाईंचं माहेर मॅसॅच्युसेट्सचं, आणि घरात 'आपण मेफ्लॉवरवाले' असं बोललं जातं, म्हणून वंशावळ शोधताना तुम्ही थेट १६२० सालाला हात घातलात, म्हणजे इंग्लंडहून वसाहतकऱ्यांना अमेरिकेत नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजाच्या सालाला. तिथून सुरुवात करू नका. त्या जहाजावर प्रवासी होते १०२, आणि पहिल्याच हिवाळ्यात जवळपास निम्मे दगावले. नुसतं आडनाव जुळून नातं जुळत नाही. सूनबाईंच्या आजीपासून एकेक पिढी मागे जा. प्रत्येक जोडणीला कागद हवाच.

सुरुवातीला हमखास चुकतं ते इथे:

- तारखा. लग्न एप्रिल १६९१, पहिलं मूल फेब्रुवारी १६९१? घोटाळा नाही. १७५२ पर्यंत इंग्रजांच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे ते मूल आपल्या हिशेबाने १६९२ चं. नोंदीत १६९१/९२ दिसलं तर तसंच उतरवा, 'दुरुस्त' करू नका.
- ज्युनियर-सीनियर. हे बापलेकच असतील असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले, की वयाने धाकटा तो ज्युनियर, काका-पुतणेही असायचे.
- ऑनलाइन तयार वंशवृक्ष जसाच्या तसा उचलू नका.

माझा सगळ्यात लाडका कागद म्हणजे मृत्युपत्र. बाप लिहितो, 'माझी मुलगी अमुक, तमुकची बायको, तिला एक गाय,' आणि लग्नानंतर आडनाव बदलून हरवलेली लेक तिथे सापडते.

मॅसॅच्युसेट्समधल्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदी छापलेल्या आहेत, त्यामुळे तुमचं काम तुलनेने सोपं आहे. आज सूनबाईंना एवढंच विचारा: आजीचा जन्म कुठल्या गावचा?