'कलर' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ काय? कायद्यातल्या 'अंडर कलर ऑफ ऑफिस'मध्ये रंगाचा काय संबंध?

मूळ अर्थ 'आवरण'. एवढं धरून ठेवलं की कायद्यातला 'कलर' आपोआप उलगडतो.

लॅटिनमध्ये 'कोलोर', त्याचं त्याहून जुनं रूप 'कोलोस'. झाकणे या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूतून तो आला असं सहसा मानतात. लपवणे या अर्थाचं लॅटिन 'केलारे' त्याच घरातलं. इंग्रजी 'कन्सील' त्यातूनच निघाला. वस्तूला जे वरून झाकतं, तो कोलोर. आपल्याला यात नवल वाटायला नको, कारण संस्कृतातला 'वर्ण'ही 'वृ', म्हणजे झाकणे, यापासून सांगतात. धातू वेगळे, कल्पना तीच. 'रंग' मात्र 'रञ्ज्' वरून, म्हणजे रंगणे-लाल होणे या बाजूने आलेला.

जुन्या इंग्रजीत रंगाला वेगळा शब्द होता, आजचा 'ह्यू' हा त्याचाच वंशज. नॉर्मन विजयानंतर (1066) फ्रेंचचा जोर वाढला आणि 'कलर' त्या वाटेने आत आला.

आता कायदा. इथे कलर म्हणजे वरकरणी दिसणारं रूप. भारतीय दंड संहितेच्या कलम 99 मध्ये लोकसेवकाने 'अंडर कलर ऑफ हिज ऑफिस' सद्भावनेने केलेल्या कृतीचा उल्लेख होता. ती कृती कायद्याच्या काटेकोर कसोटीला उतरत नसली, तरी सहसा तिच्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क मिळत नाही (मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर गोष्ट वेगळी). म्हणून भाषांतरात 'पदाच्या आडून' लिहिणं चूक. त्यात लबाडी गृहीत धरली जाते आणि 'सद्भावनेने'शी ते जुळत नाही. 'पदाच्या नात्याने' हेही पुरत नाही, कारण त्यातून अधिकार खरोखर होताच असं वाटतं. 'पदाधिकाराच्या आभासाने' हे त्यातल्या त्यात जवळचं.

'कलरेबल लेजिस्लेशन'मध्ये मात्र आवरण फसवं असतं: विधिमंडळाला जे थेट करता येत नाही, ते दुसऱ्या विषयाचा मुलामा देऊन केलेला कायदा. 1953 च्या गजपती नारायण देव विरुद्ध ओरिसा राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की इथे हेतू चांगला की वाईट हा प्रश्न नाही, तो कायदा करण्याची क्षमता होती का, एवढंच पाहायचं. 'कलरेबल'चं भाषांतर 'रंगीत' केलेलं दिसलं, तर ते भाषांतर बाजूला ठेवा.

बहुवचनी 'कलर्स' म्हणजे निशाण. 'विथ फ्लाइंग कलर्स' म्हणजे निशाण फडकत ठेवून परतणारं जहाज. शरण जाताना निशाण उतरवत, म्हणून ते डोलकाठीला खिळ्यांनी ठोकणं म्हणजे माघार नाही. 'ट्रू कलर्स' आपल्या 'खरे रंग'सारखं दिसतं, पण तिथेही जहाजाचं निशाणच आहे: खोटं निशाण लावून जवळ यायचं आणि मग खरं चढवायचं. आपल्या सेनादलांतल्या तुकड्यांना मिळणारे 'प्रेसिडेंट्स कलर्स' हिंदीत 'राष्ट्रपति निशान' होतात, ते बरोबरच आहे.

स्पेलिंगमधला 'यू' फ्रेंच वळणाचा. इंग्रज कोशकार जॉन्सनच्या 1755 च्या कोशाने तो पक्का केला, अमेरिकी कोशकार वेबस्टरने 1806 च्या कोशात काढून टाकला. ब्रिटिश पद्धतीतही तो सगळीकडे नसतो: 'कलरफुल'मध्ये राहतो, 'कलरेशन'मध्ये सहसा गळतो. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या संगणकी भाषेत मात्र फक्त अमेरिकी रूप चालतं. 'यू' घातलात तर ब्राउझर ती ओळ मुकाट सोडून देतो, पानावर चुकीचा संदेशही दिसत नाही, आणि अक्षरं काळीच का राहिली हे शोधत बसावं लागतं. गंमत म्हणजे त्याच सीएसएसमध्ये 'ग्रे' हे रंगाचं नाव 'ए' आणि 'ई' दोन्हींनी लिहिलेलं चालतं.